तेवीस नंबरचा सापळा

लाल चिंध्यांचा तो गठ्ठा रायपूरच्या पंडरी बाजारातून मीच आणला होता. ठोक कापडवाल्यांकडे कातरण किलोवर मिळतं. पिवळं होतं, निळं होतं, मी लाल निवडलं. बेशरमाच्या हिरव्या झुडपांत लाल लांबून दिसतं, एवढाच माझा विचार. बाकी काही डोक्यात आलंच नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात नवस-सायास, अंगारे-धुपारे बंद झाले ते झालेच. लोक झाडाला लाल कापड बांधतात हे मी जन्मभर रायपुरात पाहत आले होते, पण शेजारच्या घरातलं भांडण आपण ऐकतो तसं. आपल्याला त्यात काही करायचं नसतं.

काम माझ्या विद्यार्थिनीचं होतं. मुलगी ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरची, पण मी मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं असा आमचा तीन वर्षांचा करार. तिला अभ्यासायची होती समुद्रकाठची खारट दलदल. तिथल्या गवतात राहणारे उंदीर भरती आली की काड्यांच्या शेंड्यावर चढून बसतात, हे तिनं कुठंतरी वाचलं आणि तिला वेडच लागलं. मी म्हटलं, "बाई गं, रायपूरला समुद्र मी कुठून आणू? तळं घे." मग विषय ठरला: तळ्याकाठच्या चिखलात आणि त्याला लागून असलेल्या बाड्यांत, म्हणजे परसबागांत, राहणारे छोटे सस्तन प्राणी. म्हणजे उंदीर, घुशी, चिचुंदऱ्या. ज्यांना घरात पाहिलं की आपण झाडू उचलतो, तेच.

आमच्या बूढ़ापाऱ्याच्या तळ्याला आता फरशी आहे, दिवे आहेत, काठाला चिखल औषधालाही नाही. म्हणून आम्ही शहराला जवळजवळ चिकटलेलं एक गाव निवडलं. तिथल्या तळ्याला एका बाजूला घाट होता, घाटावर कडुलिंब आणि त्याखाली शीतलामातेचं ठाणं. उरलेल्या तीन बाजूंना मातीचा बांध, चिखल, पाणगवत आणि बेशरमाची जाळी. उन्हाळ्यामुळे पाणी आटून मध्यभागी गेलं होतं, त्यामुळे काठचा पट्टा रुंद आणि दमट होता. असा पट्टा चिचुंदरीला माहेरासारखा.

पद्धत माझी, आणि पद्धतीच्या बाबतीत मी खाष्ट सासू आहे. पत्र्याचे चाळीस सापळे, दर दहा पावलांवर एक. आत भाजलेले शेंगदाणे, सुक्या मासळीचा तुकडा आणि उबेला कापूस. वर गवत पसरायचं, म्हणजे कुत्र्यांना दिसणार नाही. शेजारच्या झुडपाला लाल चिंधी, चिंधीवर न पुसणाऱ्या पेननं नंबर. दिवस मावळताना लावायचे, उजाडताच उघडायचे, कारण चिचुंदरीचं पोट चिमूटभर. काही तास खायला मिळालं नाही तर ती मरते. आणि एकदा लावलेला सापळा पाच दिवस जागचा हलवायचा नाही. हलवला तर मोजणीला अर्थ उरत नाही. वहीत फक्त काय सापडलं ते लिहायचं. जागेची खूण सगळी चिंधीवर. मी जागा कधी लक्षात ठेवत नाही. चिंधीवर आहे ना, मग डोक्याला ताप कशाला, असा माझा जुना खाक्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेवीस नंबरमध्ये चिचुंदरी निघाली. कापडी पिशवीत घेऊन तिचं वजन केलं, तेव्हा विद्यार्थिनीनं पोट दाखवलं. सडांभोवतीचे केस झिजलेले, बोट लावलं तर दुधाचा थेंब. अंगावर पिणारी पिल्लं होती तर. शेपटीच्या बुडाशी नखपॉलिशचा ठिपका लावून तिला सोडलं. ती उघड्यावर थांबली नाही, सरळ बांधाच्या दिशेनं पळाली आणि दिसेनाशी झाली.

"मैडम, इसके छोटे बच्चे हैं. आज तेईस नंबर हटा दें?"

मी भडकले. पद्धत म्हणजे काय स्वयंपाकघर आहे का, आज मीठ कमी घातलं तरी चालेल? एका चिचुंदरीची दया आली म्हणून सापळा हलवला, उद्या दुसरीची येईल, मग वहीत काय लिहिशील, दयेची आकडेवारी? बरंच बोलले. आजूबाजूला म्हशी धुणारे दोघं-तिघं होते, तेही ऐकत राहिले. मुलगी खाली मान घालून सापळे पुसत बसली. राग माझ्या नाकावर असतो हे सगळं कॉलेज जाणतं.

दुपारी जेवताना हे आईला सांगितलं. आई ऐंशीच्या पुढची. माझ्या नोकरीविषयी तिचं पहिल्यापासून एकच मत आहे, की शिकून-सवरून पोरगी उंदीर पकडते. तिनं घास हातातच ठेवला.

"लेकुरवाळीले अडकवून ठेवून राहिली तू? अन् तिचे पिल्लं काय खातीन?"

"सकाळीच सोडली गं."

"आज पुन्हा सापडली तं?"

मी म्हटलं, "सापडली तर सोडू." पण तो प्रश्न दुपारभर माझ्या मानगुटीवर बसला.

संध्याकाळी सापळे लावताना विद्यार्थिनी पलीकडच्या टोकाला होती, तिची पाठ माझ्याकडे. मी तेवीस नंबर उचलला. ज्या मुलीला सकाळी चारचौघांत झापलं, तिनं जे सुचवलं तेच मी तिच्यापासून लपवून करत होते, आणि वर चोरासारखी मागं वळून बघत होते. चिचुंदरी बांधाकडे पळाली होती, म्हणून मी सापळा बांधापासून लांब, खाली पाण्याच्या बाजूला नेला. तिथं ती येणार नाही असं मीच ठरवून टाकलं. बांधाखालच्या मोठ्या दगडापासून पावलं मोजली, सापळा ठेवला, गवत पसरलं, चिंधीवर नंबराखाली पावलं लिहिली आणि चिंधी बेशरमाच्या काडीला घाईघाईत अडकवली. गाठ नीट मारली की नाही, आठवत नाही. म्हणजे आठवतं. नीट मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पोचलो. गाडी बंद करताच मला आवाज ऐकू आला. आधी कळेना कसला. मग कळलं, पाण्याचा.

कालव्याचं पाणी सोडलं होतं. इकडे उन्हाळ्यात गावोगावची तळी कालव्यानं भरून देतात, धुण्या-न्हाण्याला, गुराढोरांना. कोतवालानं आदल्या दिवशी गावात मुनादीही केली होती म्हणे, दवंडी पिटून. आम्ही दोघी शहरातून येणार, तळ्यावर काम करणार आणि परत जाणार. गावात कुणाला विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. पाणी बांधाच्या कोपऱ्यातून गढूळ लोटात येत होतं आणि काठचा पट्टा डोळ्यांदेखत अरुंद होत होता.

"तू तिकडून, मी इकडून. पळ!"

साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी चिखलात शिरले. सापळा उचलायचा, दार बंद असेल तर आतलं बांधावर नेऊन सोडायचं, रिकामा असेल तर तसाच वर फेकायचा. आठव्यात उंदीर, जिवंत. अकराव्यात काही नाही. चौदाव्याला पाणी लागलं होतं, आतला उंदीर कापसाच्या गोळ्यावर चढून थरथरत उभा. मुलगी तिकडून ओरडून नंबर सांगत होती, मी इकडून. पंधराएक मिनिटांत बांधावर सापळ्यांचा ढीग झाला. तिनं मोजले आणि पुन्हा मोजले.

"उनचालीस. मैडम, तेईस नहीं है. चोरी हो गया क्या?"

पाणी वाढत असताना एक क्षणही गप्प राहणं पाप होतं आणि मी राहिले. मग म्हटलं, "मी हलवला. काल. खाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला झापावं असं फार वाटलं.

"कहाँ, मैडम?"

"मोठ्या दगडापासून. पावलं चिंधीवर लिहिलीत."

दगड दिसत होता. पण त्याच्यापुढे जिथं काल चिखल होता तिथं आता घोटाभर पाणी, तरंगतं गवत आणि बेशरमाच्या जाळ्या, एक झाकावी नि दुसरी काढावी अशा. एकाही काडीला लाल काही नव्हतं. किती पावलं लिहिली होती? पंधरा? वीस? डावीकडे की उजवीकडे? डोकं सगळं रिकामं. मुलगी पाण्यात शिरून पायानं चाचपत होती, आणि पायाला लागत होती फक्त मुळं.

तेवढ्यात मला घाटावर लाल दिसलं. कडुलिंबाच्या खालच्या फांदीला एक बाई ओलं कापड बांधत होती. पन्नाशीची असेल, खांद्यावर कोरडं लुगडं, आंघोळ करून आलेली. मी बांधावरून धावतच गेले. पोचेपर्यंत तिनं दुसरी गाठ घट्ट करून हात जोडले होते. कापडाच्या कडेला माझ्या पेनाची काळी रेघ दिसली. नंबर आणि पावलं गाठीच्या आत गेली होती.

आता इथं मी जे केलं ते जसंच्या तसं लिहिते. सांगायला सोपं नाही.

मी ओरडले. "ये हमारा कपड़ा है! खोलो इसे!"

बाई दचकली. मग शांतपणे म्हणाली, "तुँहर कइसे? माता के चुनरी ए. पानी म बोहावत रिहिस." पाण्यात वाहत घाटाशी आलं होतं. मातेचं लाल कापड, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिनं उचललं, धुतलं आणि मातेलाच वाहिलं. याहून सरळ काय असू शकतं? पण मला सरळ काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, कॉलेजचं सामान आहे. मी म्हटलं, सरकारी परवानगी आहे. मी म्हटलं, तुम्हा लोकांना विचारल्याशिवाय कुठल्याही वस्तूला हात लावायची सवयच आहे. हो, "तुम्हा लोकांना" म्हटलं मी. माझ्या वडिलांनी रेल्वेच्या नोकरीत जन्मभर जे शब्द ऐकले आणि गिळले, तेच मी त्या बाईच्या तोंडावर फेकले.

ती फांदीसमोर आडवी उभी राहिली. तिच्या सुनेला आठवा महिना होता. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. आज पाणी आलं, पाण्याबरोबर मातेची चुनरी आली, म्हणून तिनं बदना केला होता, म्हणजे नवस बोलली होती, आणि गाठ मारली होती. "गाँठ खोल देहूँ त बदना टूट जाही," ती म्हणाली. मी हात पुढं केला, तर तिनं माझं मनगट धरलं. जोरात. घाटावरच्या बायका जमू लागल्या. कुणीतरी म्हणालं, मास्तरीण आहे. कुणीतरी म्हणालं, एका चिंधीसाठी? त्या बाईनंच विचारलं, "का रखे हस पानी म? मुसुवा पकड़े के डब्बा? एक ठन मुसुवा बर अतका चिल्लावत हस?" एका उंदरासाठी एवढं ओरडतेस? मी आणखी चढ्या आवाजात संशोधन म्हणजे काय ते समजावू लागले. पाऊण तळं भरत आलेलं, आणि मी संशोधन समजावत होते. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

विद्यार्थिनी कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. कमरेपर्यंत भिजलेली, दम लागलेला. तिनं मला बाजूला सारलं. मॅडमला कुणी बाजूला सारत नाही, पण तिनं सारलं, आणि बाईला 'दाई', म्हणजे आई, अशी हाक मारून म्हणाली, "दाई, उस डब्बे में एक माँ फँसी होगी. उसके दूध पीते बच्चे बाहर हैं. कपड़े पर जगह लिखी है."

बाईचा चेहराच बदलला. "महतारी ए?" आई आहे?

"हाँ दाई."

बाई वळली. ओल्या गाठी लवकर सुटत नाहीत. तिनं आधी नखांनी आणि मग दातांनी ओढून गाठ सोडली. दुसरी सोडली. कापड माझ्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, "पहिली काबर नइ बताय, दीदी?"

आधी का नाही सांगितलंस? पहिल्याच वाक्यात हे सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडात आधी आलं 'आमचं', मग 'कॉलेज', मग 'सरकारी'. जी गोष्ट आईनं घास हातात धरून एका वाक्यात सांगितली होती, ती त्या बाईला सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, तिला काय कळणार.

चिंधीवर लिहिलं होतं: दगडापासून सतरा, डावीकडे तीन. आम्ही पाण्यात उतरलो. मुलगी मोठ्यानं पावलं मोजत पुढं, मी मागं. सतराव्या पावलाला पाणी माझ्या मांडीला लागलं. डावीकडे तीन. तिनं श्वास रोखून डोकं पाण्याखाली घातलं, आणि वर आली तेव्हा तिच्या हातात सापळा होता. दार बंद.

तिनं दार उघडलं. आधी पाणी बाहेर आलं, मग कापूस, मग ती. शेपटीच्या बुडाशी नखपॉलिशचा ठिपका. मुलीनं तिला तळहातावर आडवी केली, पोट हलकेच दाबलं, तोंडातलं पाणी निघालं, पुन्हा दाबलं, कितीतरी वेळा. अंग अजून कडक झालेलं नव्हतं. मऊ होतं. म्हणजे पाणी वर चढून फार वेळ झाला नव्हता. दहा मिनिटं असतील, पंधरा असतील. घाटावर मी किती वेळ ओरडत होते, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिनं मूठ मिटली.

घाटावरून बाईची हाक आली. "बाँच गे का ओ?"

वाचली का? बायका सगळ्या ओळीनं उभ्या होत्या. आमच्या पाठी त्यांच्याकडे होत्या, त्यांना काही दिसत नव्हतं. मी आयुष्यभर मुलांना एकच शिकवलं आहे: दिसलं ते सांगा, हवं ते नाही. दोन शब्दांची खोटी नोंद केली म्हणून एकाला वर्गाबाहेर काढलं आहे. मी वळले.

"हव," मी ओरडले. "बाँच गे! भाग गे!"

बाईनं दोन्ही हात कपाळाला लावले. चिंधी आम्ही परत नेऊन दिली, तेव्हा तिनं ती पुन्हा त्याच फांदीला बांधली, आधीपेक्षा घट्ट. म्हणाली, आता काही भीती नाही. एका महतारीला सोडवलं, आता माता माझ्या सुनेला सोडवेल. माझ्या पाठीवर तिनं हात फिरवला. मगाशी मनगट धरलं होतं तोच हात. मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. विद्यार्थिनी मिटलेली मूठ ओढणीखाली धरून उभी होती.

त्यानंतर दहा वाजेपर्यंत आम्ही बांधाचं एकेक बीळ पाहिलं. गवत बाजूला करून कान लावला, टॉर्च मारला, घुशीच्या बिळांतही हात घातला. पिल्लं सापडली नाहीत. मुलीनं चिचुंदरी पळसाखाली पुरली. खरं तर तो नमुना होता, कॉलेजात न्यायला हवा होता. मी अडवलं नाही.

गाडीत बसल्यावर तिनं वही उघडली. "मैडम, तेईस में क्या लिखूँ?"

"जे आहे ते."

तिनं लिहिलं. मृत, बुडून. सापळा मूळ जागेवरून हलवलेला. कोणी हलवला ते तिनं लिहिलं नाही. मी पेन घेऊन तिथं माझं नाव घातलं आणि खाली सही केली. कागदावर खरं लिहायला मला कधीच जड गेलं नाही.

राहिलेलं काम आम्ही दुसऱ्या तळ्यावर केलं, निळ्या चिंध्या बांधून. दोन महिन्यांनी एका सकाळी मुलगी म्हणाली, "मैडम, आज मैं उसी गाँव की तरफ़ से जा रही हूँ. दाई के यहाँ पूछ लूँ क्या, क्या हुआ?"

मी सापळे पुसत होते. मी म्हटलं, नको.